जुने फोटो आणि आठवणींचे पुढचे पुस्तक: कामाचा क्रम

आठवणींचे पहिले पुस्तक बाहेर आले की लेखकाच्या घरी दोन गोष्टी येऊ लागतात: नातेवाइकांकडची जुन्या फोटोंची पाकिटे आणि 'पुढचे पुस्तक कधी?' ही विचारणा. बहुतेक जण दोन्हींची सोय एकदमच लावू पाहतात. मोबाइलवर फोटोचा फोटो काढतात, तो घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतात, खाली 'ओळखा पाहू' असे लिहितात आणि मूळ फोटो परत पाकिटात घालतात. दीड-दोन वर्षांनी पुस्तक छपाईला जाते तेव्हा कळते की हातातली प्रत छापण्याजोगी नाही, ज्यांनी नावे सांगितली त्यांचे निरोप वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली गाडले गेले आहेत आणि ज्या आत्याकडून मूळ फोटो आणला होता तिचे घरही आता विकले गेले आहे. पहिल्या पुस्तकाच्या वेळी हे सगळे मी स्वतः केले. माझी चूक क्रमात होती. फोटो वाटण्याचे काम मी सर्वांत आधी केले, ते सातव्या क्रमांकावर यायला हवे होते. खालचा क्रम तीनशे ते पाचशे फोटो, काम करणारे एकच माणूस आणि सात-आठ महिन्यांची सवड असा हिशेब धरून दिला आहे.

१. हात लावण्याआधीची तयारी

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात अल्बम उघडू नयेत. फोटोच्या पृष्ठभागावरचा जिलेटिनचा थर दमट हवेत फुगतो, चिकट होतो आणि शेजारच्या पानाला धरून ठेवतो. तोच अल्बम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत निम्म्या कष्टात उघडतो. एक मोठे टेबल रिकामे करावे, त्यावर धुतलेली सुती चादर अंथरावी, पंखा बंद ठेवावा आणि चहाचा कप दुसऱ्या खोलीत ठेवावा. मऊ शिशाची २बी किंवा ४बी पेन्सिल, मऊ कुंचला, साध्या कागदाची पाकिटे आणि एक वही इतके साहित्य पुरते. कागदी फोटोंसाठी स्वच्छ, कोरडे हात चालतात, मात्र फोटो कडेलाच धरावा. निगेटिव्ह हाताळताना सुती हातमोजे घालावेत.

सुरुवातीलाच तीन प्रकारचे फोटो बाजूला काढावेत. ज्यांवर बुरशी दिसते ते वेगळ्या पाकिटात ठेवावेत, कारण ती इतर फोटोंवर पसरते. ज्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यांची फिल्म सडू लागलेली असते, म्हणून त्यांचा स्कॅन सर्वांत आधी करून घ्यावा. काचेला चिकटलेले फोटो चौकटीसकट तसेच राहू द्यावेत.

*इशारा: ओले फडके, सॅनिटायझर, कोलीन यांपैकी काहीही फोटोला लावू नये. धूळ कोरड्या कुंचल्याने मधून कडेकडे झटकावी. डाग तसाच राहिला तरी चालेल. तो स्कॅनमध्ये काढता येतो, पुसून गेलेला चेहरा परत आणता येत नाही.*

२. आहे त्या क्रमाची नोंद

अल्बममधला क्रम हीच एक माहिती असते. कोणत्या फोटोशेजारी कोणता लावला, कोणता मुद्दाम काढून टाकल्याने चार कोपरेच उरले आहेत, कोणाचे लग्न पहिल्या पानावर आणि कोणाचे शेवटच्या, हे सगळे पुढे लिहिताना लागते, आणि फोटो एकदा सुटे केले की ते कायमचे जाते. म्हणून एकही फोटो काढण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर पूर्ण फोटो घ्यावा. रिकाम्या पानांचाही घ्यावा. सुटी पाकिटे आली असतील तर ती कोणी, कोणत्या तारखेला दिली हे पाकिटावरच लिहावे.

क्रमांकासाठी अल्बम, पान आणि फोटो असे तीन आकडे पुरतात: ०२-१४-०३ म्हणजे दुसरा अल्बम, चौदावे पान, तिसरा फोटो. फाइलला हेच नाव द्यावे. नावात साल किंवा व्यक्ती घालू नये, कारण साल पुढे बदलते, 'शांताकाकू' म्हणून नोंदलेली व्यक्ती शेजारीण निघते आणि मग दहा ठिकाणची नावे बदलत बसावे लागते. सगळी माहिती एका तक्त्यात ठेवावी: क्रमांक, मागचा मजकूर जसाच्या तसा, व्यक्ती डावीकडून, स्थळ, साल, माहिती कोणी व कधी दिली, मूळ फोटो कोणाकडे आहे, तो कोणी काढला, परवानगी. प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करावी: खात्री असेल तर 'ख', अंदाज असेल तर 'अं', ऐकीव असेल तर 'ऐ'. माझ्या पहिल्या पुस्तकातल्या बहुतेक चुका 'ऐ' चे 'ख' झाल्यामुळे झाल्या होत्या.

३. अल्बममधून सोडवणे

काळ्या कागदाचे, त्रिकोणी कोपऱ्यांचे जुने अल्बम सोपे असतात. फोटो किंचित वाकवून एक कोपरा सोडवला की तो बाहेर येतो. त्रास देतात ते सत्तर-ऐंशीच्या दशकांतले चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिक असलेले अल्बम. त्यांतला डिंक वर्षांनुवर्षे घट्ट होत जातो. फोटो नखाने उचकटू नये. दात साफ करण्याचा, मेण नसलेला फ्लॉस फोटोच्या मागून सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे न्यावा, आणि तो अडला की थांबावे. आईचा शाळेतला एकुलता एक फोटो मी घाईने ओढला तेव्हा मागच्या ओळीतल्या दोन मुलींचे चेहरे पानावरच राहिले. सुटत नसेल तर पान कात्रीने फोटोभोवती कापावे किंवा वरचे प्लॅस्टिक काळजीपूर्वक काढून अख्खे पानच स्कॅन करावे.

फोटोच्या मागे बॉलपेनने काहीही लिहू नये. दाब पुढच्या बाजूला उमटतो. जुन्या कागदावर पेन्सिलने, कडेला, फक्त क्रमांक लिहावा. सत्तरच्या दशकानंतरच्या गुळगुळीत, प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटतच नाही. तिथे क्रमांक पाकिटावर आधी लिहून मग फोटो आत ठेवावा.

*तपासणी: पुढे जाण्याआधी पानांच्या फोटोंतले आणि पाकिटांतले फोटो मोजून पाहावेत. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.*

४. स्कॅन

इथे घाई केली तर पुढचे सगळे काम पुन्हा करावे लागते, म्हणून थोडा हिशेब समजून घ्यावा. पुस्तकात फोटो छापायचा असेल तर छापलेल्या आकाराला दर इंचाला ३०० ठिपके (डीपीआय) लागतात. म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचांचा छोटा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला तर १५०० बाय २१०० ठिपके मिळतात आणि तो पाच बाय सात इंचांपर्यंत छापता येतो. तोच ३०० डीपीआयला केला तर मूळ आकारातच छापावा लागतो. आगफा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याच्या सहा सेंटिमीटर चौरस प्रती, ज्यांतले चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे असतात, त्या १२०० डीपीआयला स्कॅन कराव्यात. एका बाजूला सुमारे २८०० ठिपके मिळतात. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला किमान २४०० आणि जमल्यास ३२०० लागतात. निगेटिव्ह उपलब्ध असेल तर कागदी प्रतीपेक्षा तीच स्कॅन करावी, कारण छापताना स्टुडिओने कडा कापलेल्या असतात आणि त्या कडांत बऱ्याचदा कोणीतरी उभे असते.

स्कॅनर सपाट काचेचाच हवा. कागद आत ओढून घेणाऱ्या यंत्रात जुने फोटो घालू नयेत. आपोआप रंग सुधारणे, धार वाढवणे, धूळ काढणे हे सगळे पर्याय बंद ठेवावेत. कृष्णधवल फोटोही रंगीत पद्धतीने स्कॅन करावेत, म्हणजे पिवळटपणा आणि डाग वेगळे काढणे सोपे जाते. फाइल टिफ स्वरूपात साठवावी. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला सुमारे २६ एमबी होतो, म्हणजे पाचशे फोटोंना १३ जीबी. आजच्या हिशेबाने ही जागा काहीच नाही, तेव्हा जेपेग या आक्रसलेल्या स्वरूपाची काटकसर करण्याचे कारण नाही. मागच्या बाजूला अक्षर किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर तीही बाजू स्कॅन करून त्याच क्रमांकापुढे '-२' लावावे.

गावच्या घरी स्कॅनर नसतो आणि फोटो बाहेर द्यायला कोणी तयार नसते. अशा वेळी खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी फोटो सपाट ठेवावा, खोलीतले दिवे व फ्लॅश बंद करावे आणि मोबाइल फोटोला अगदी समांतर धरावा. ही प्रत ओळखीसाठी पुरेल. छपाईसाठी ती शेवटचा उपाय समजावी.

प्रती तीन ठेवाव्यात: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा बहिणीकडे. बाहेरची प्रत खरोखर घराबाहेरच हवी. एकाच कपाटातल्या दोन डिस्क एकाच गळतीत जातात.

*इशारा: व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आक्रसतो. कोणाकडून छपाईसाठी फोटो मागवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे.*

५. फोटो स्वतः काय सांगतो ते आधी वाचावे

लोकांना विचारण्याआधी फोटोला विचारावे, कारण एकदा कोणी ठामपणे 'हा त्रेसष्टचा' म्हटले की नंतर आपल्याला तेच दिसू लागते. मोठा केलेला स्कॅन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावा. काही खुणा नक्की सांगतात. शिक्क्यावरच्या पत्त्यात पिनकोड असेल तर निदान तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२नंतरचा. गाडीवर 'एमएच' आणि जिल्ह्याचा आकडा असेल तर फोटो १९८९च्या मध्यानंतरचा. दुकानाच्या पाटीवर 'न. पै.' (नवे पैसे) दिसले तर पाटी १९५७ ते १९६४मधली, पण पाटी जुनी राहून गेलेली असू शकते, म्हणून यावरून फक्त '१९५७च्या आधीचा नाही' इतकेच म्हणावे. मुंबईच्या रस्त्यावर ट्राम दिसली तर ३१ मार्च १९६४ ही शेवटची मर्यादा. भिंतीवर कालनिर्णय असेल तर १९७३ किंवा नंतर. नव्वदीतल्या फोटोंच्या कोपऱ्यातल्या नारिंगी आकड्यांवर मात्र विसंबू नये, कारण कॅमेऱ्यातली तारीख कोणी लावतच नसे.

नसलेले फोटोही नोंदवावेत. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठेतल्या घरात १२ जुलै १९६१च्या पानशेत पुराआधीचे फोटो नसतील तर तो आळस नव्हे. जे चार-दोन उरले असतील ते कोणाच्या घरून परत आले, हा प्रश्न तक्त्यात लिहून ठेवावा.

एक उदाहरण सविस्तर देतो. आमच्या पडवीतला सहा सेंटिमीटर चौरस फोटो. पाच माणसे, एका मांडीवर तान्हे मूल. घरात सगळे तो १९६३चा म्हणत आणि मी पहिल्या पुस्तकात तसेच छापले. १२०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये मागच्या भिंतीवरची दिनदर्शिका वाचता आली. महिन्याचे नाव 'मे' होते, साल खुंटीवरच्या टोपीआड गेले होते, पण पहिली तारीख रविवारच्या रकान्यात होती. १९६३मध्ये एक मे बुधवारी होता. रविवारी तो १९५५, १९६० आणि १९६६ या वर्षी येतो. मांडीवरच्या मुलाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, जन्म १९६५च्या डिसेंबरातला. फोटो १९६६चा ठरला, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट उलटली: १९६४मध्ये भांडून मुंबईला गेलेले काका 'पुन्हा कधी घरी आले नाहीत' असे मी लिहिले होते, आणि ते या फोटोत उजवीकडून दुसरे, बनियनवर, आंबा चोखत बसले आहेत.

*तपासणी: फोटो उलटा तर छापलेला नाही ना? सदऱ्याचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो. पाटीवरची अक्षरे नसतील तर हीच खूण धरावी.*

६. वडीलधाऱ्यांसमोर बसणे

एका बैठकीत आठ-दहापेक्षा जास्त फोटो नेऊ नयेत. मोबाइल पुढे करू नये. ए-फोर आकाराच्या प्रती काढून न्याव्यात, म्हणजे मोतीबिंदू झालेल्या आजींनाही कडेची माणसे दिसतात. बोलणे रेकॉर्ड करायचे असेल तर आधी विचारावे आणि सुरुवातीलाच तारीख व फोटोचा क्रमांक मोठ्याने बोलावा, कारण 'हा बघ, इकडचा' हे वाक्य नंतर ऐकताना काहीही सांगत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नाव आपणच पुरवणे. 'हे बापूकाका ना?' असे विचारले की समोरचे माणूस सौजन्याने 'हो' म्हणते. त्याऐवजी 'हे कोण?' एवढेच विचारून थांबावे, भरपूर थांबावे. पुढचे प्रश्न चौकटीबाहेरचे असावेत: फोटो कोण काढत होते? या वेळी घरात असून फोटोत कोण नाही? एवढ्या चांगल्या साड्या कशासाठी नेसल्या होत्या? यातला दुसरा प्रश्न मला सर्वांत जास्त पाने देऊन गेला.

नावांची नोंद पूर्ण करावी. एका घरात तीन अण्णा आणि दोन माई सहज असतात. त्याहून मोठी फसगत स्त्रियांच्या नावांत होते, कारण लग्नात नाव बदलण्याची रीत होती. १९५२च्या शाळेच्या फोटोतली 'कमल' आणि १९५८च्या मंगळागौरीतली 'सुनंदा' एकच असू शकते. प्रत्येक स्त्रीचे माहेरचे पूर्ण नाव, सासरचे पूर्ण नाव आणि हाकेचे नाव अशा तीन नोंदी ठेवाव्यात. दोन माणसांनी दोन वेगळी नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत, सांगणाऱ्याच्या नावासकट. निवाडा तिथेच करू नये.

७. आता फोटो वाटावेत

वाटणे म्हणजे शोध घेणे, हे धरून चालले की पद्धत आपोआप बदलते. एका दिवशी चाळीस फोटो टाकले तर चाळीस नमस्कार येतात आणि माहिती एकही येत नाही. आठवड्याला एक फोटो, रविवारी सकाळी, आणि त्याखाली एकच नेमका प्रश्न: 'डावीकडून तिसऱ्या बाई कोण, आणि मागे दिसते ती विहीर कोणाची?' फोटोच्या खाली पांढरी पट्टी वाढवून तिच्यात क्रमांक लिहावा. चेहऱ्यावर नाव किंवा शिक्का उमटवू नये. लांब बाजू १२०० ठिपक्यांची छोटी प्रतच पाठवावी. आलेली उत्तरे त्याच रात्री तक्त्यात उतरवावीत, सांगणाऱ्याच्या नावासह आणि 'ऐ' अशी खूण करून.

काही फोटो वाटू नयेत. आजारपणातले, अंत्यविधीचे, मोडलेल्या लग्नातले आणि हयात व्यक्तीचे लाजिरवाणे वाटतील असे फोटो आधी त्या व्यक्तीला किंवा तिच्या मुलांना एकट्याने दाखवावेत. सार्वजनिक जागी टाकलेला फोटो परत घेता येत नाही. मी टाकलेला आजोबांचा एक फोटो दोन वर्षांनी कोणा दुसऱ्याच गावच्या सरपंचाचा म्हणून माझ्याकडेच फिरून आला.

पुढचे पुस्तक डोक्यात असलेल्यांसाठी एक पथ्य आहे. फोटो द्यावा, गोष्ट राखावी. एखाद्या प्रसंगाची सगळी हकीकत चारशे शब्दांत लिहून टाकली, त्यावर शंभर लोकांनी 'वा' म्हटले, की ती हकीकत आपल्यापुरती संपते. पुस्तकात लिहायला बसल्यावर त्या चारशे शब्दांपलीकडे मन जातच नाही. हा माझा अनुभव आहे, सगळ्यांचा असेल असे नाही, पण लिहिणाऱ्या तीन मित्रांनीही मला हेच सांगितले.

८. फोटोंवरून पुस्तकाचा आराखडा

आठवणींचे दुसरे पुस्तक फसते ते बहुधा एकाच कारणाने: ते पहिल्यात राहून गेलेल्या गोष्टींचे गाठोडे होते. तक्ता तयार असेल तर हे टाळता येते. पत्त्यांएवढ्या आकारात फोटोंच्या साध्या प्रती काढून जमिनीवर कालक्रमाने मांडाव्यात आणि उभे राहून पाहावे. दाटी कुठे आहे, रिकामी जागा कुठे आहे? आमच्या बाबतीत १९६४ ते १९६६ या दोन वर्षांत एकही फोटो नव्हता, आणि त्या पोकळीच्या टोकाला आंबा चोखणारे काका होते. दुसरे पुस्तक त्या दोन वर्षांचे झाले.

त्यानंतर फोटोंचे तीन ढीग करावेत. पहिला साक्षीच्या फोटोंचा, ज्यांच्यामुळे आपली आठवण खरी ठरते किंवा खोटी पडते. दुसरा प्रसंगांच्या फोटोंचा, ज्यांच्यावर सांगण्यासारखे काही आहे. तिसरा शोभेचा: स्टुडिओतल्या पडद्यापुढचे देखणे जोडपे, जत्रेतल्या लाकडी मोटारीत बसलेली मुले. तिसरा ढीग सर्वांत मोठा आणि सर्वांत सुंदर असतो, आणि तो आराखड्यातून पूर्ण बाहेर ठेवावा. हे करताना जिवावर येते.

पहिल्या ढिगातले बारा फोटो निवडावेत आणि प्रत्येकावर तीनशे शब्द लिहावेत, एका अटीवर: फोटोत जे दिसते त्याचे वर्णन करायचे नाही. वाचक ते पाहणारच आहे. फोटो काढण्याच्या आधीच्या तासात आणि नंतरच्या वर्षात काय झाले ते लिहावे. बारापैकी चार-पाच मजकूर आपोआप एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. तीच प्रकरणांची सुरुवात. उरलेले निर्दयपणे बाजूला ठेवावेत. ते तिसऱ्या पुस्तकाचे असतील किंवा कोणत्याच नसतील.

आकाराचा अंदाज याच वेळी घ्यावा. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात पानाला साधारण २५० ते ३०० शब्द बसतात आणि सोळा पानांचा एक फर्मा होतो. दहा फर्म्यांचे, १६० पानांचे पुस्तक म्हणजे कोरी पाने, शीर्षके आणि फोटोंची जागा वजा जाता चाळीस हजार शब्दांच्या आत-बाहेर. एखादे प्रकरण दिवाळी अंकाला देऊन पाहणे उपयोगी ठरते, कारण परकी वाचकमंडळी घरच्यांपेक्षा वेगळे प्रश्न विचारतात; मात्र मजकूर दिवाळीच्या तीन-चार महिने आधी तयार हवा आणि पुस्तकात तो पुन्हा छापण्याची मुभा संपादकांकडून लेखी घ्यावी.

पहिल्या पुस्तकातल्या चुकांची यादी वेगळ्या पानावर ठेवावी. नव्या आवृत्तीत त्या दुरुस्त होतीलच, पण नव्या पुस्तकात योग्य ठिकाणी 'मी पूर्वी असे लिहिले होते, ते चूक होते' असे सरळ म्हणावे. वाचक रागावत नाहीत. नातेवाईक थोडे रागावतात.

९. परवानग्या

फोटो आपल्या ताब्यात आहे म्हणून तो छापण्याचा हक्क आपला होतोच असे नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क तो काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून आजोबांनी स्टुडिओत पैसे मोजून काढवलेला कुटुंबाचा फोटो सहसा अडचणीचा नसतो. हौसेने कॅमेरा घेऊन आलेल्या मित्राने फुकट काढलेला फोटो मात्र त्या मित्राचा किंवा त्याच्या वारसांचा. मुदतीचा हिशेबही बदलला आहे: पूर्वी फोटोचे संरक्षण प्रसिद्धीपासून मोजत, २०१२च्या दुरुस्तीपासून ते काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालते. वृत्तपत्रातून कापलेले फोटो वापरण्याआधी वृत्तपत्र आणि छायाचित्रकार दोघांनाही लिहावे. संशय असेल तर तो फोटो गाळावा किंवा वकिलाला विचारावे.

फोटोतल्या हयात व्यक्तींची संमती हा निराळा विषय आहे आणि व्यवहारात तोच जास्त महत्त्वाचा ठरतो. एका पानाचे पत्र पुरते: फोटोची छोटी प्रत, त्याखाली छापायची ओळ जशीच्या तशी, पुस्तकाचे तात्पुरते नाव, सही आणि तारीख. ओळ दाखवणे टाळू नये. लोक फोटोला क्वचितच हरकत घेतात. ते खालच्या शब्दांना घेतात.

१०. छपाईआधीची निवड आणि शेवटची तपासणी

फोटो मजकुरात छापायचे की मध्ये आर्ट पेपरचा वेगळा फर्मा घालायचा, हे मुद्रकाशी बोलून आधी ठरवावे. मजकुराच्या मॅपलिथो कागदावर शाई पसरते आणि गडद भाग एकमेकांत मिसळतात. काळ्या कोटातला माणूस काळ्या दारात उभा असेल तर फक्त चेहरा तरंगताना दिसतो. अशा फोटोंच्या मधल्या छटा छपाईपूर्वी थोड्या उजळाव्या लागतात. एकरंगी छपाईसाठी फाइल करड्या छटांत बदलून द्यावी, रंगीत तशीच देऊ नये. प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासणीची प्रत, संगणकाच्या पडद्यावर मंजूर करू नये. त्याच कागदावर छापलेले एक पान मागावे आणि दिवसाच्या उजेडात पाहावे.

धूळ, ओरखडे आणि घड्या काढायला हरकत नाही. चेहऱ्यांना हात लावू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अस्पष्ट चेहरा 'स्पष्ट' करून देतात तेव्हा ती बहुधा नवा चेहराच तयार करतात. आजीच्या हनुवटीवरचे गोंदण अशाच एका प्रयोगात नाहीसे झाले, आणि ते माझ्या नव्हे, मावशीच्या लक्षात आले. कृष्णधवल फोटो रंगवून छापायचा मोह झालाच तर ओळीत तसे नमूद करावे.

प्रत्येक ओळीत व्यक्ती डावीकडून, स्थळ आणि साल असावे. तक्त्यात 'अं' असेल तर छापताना 'सुमारे' लिहावे, 'ऐ' असेल तर सांगणाऱ्याचा उल्लेख करावा, आणि ओळख न पटलेल्या माणसासाठी 'ओळख पटलेली नाही' असे लिहावे. मांडणी झाल्यावर एकदा फक्त ओळींचे मुद्रितशोधन करावे: एका हातात तक्ता, दुसऱ्या हातात प्रूफ, क्रमांक जुळवत. मांडणी करणाऱ्याने कडा कापून डावीकडचा माणूस उडवला असेल तर 'डावीकडून दुसरे' हे वाक्य खोटे होते. ही चूक वाचून सापडत नाही, मोजूनच सापडते.

पुस्तक स्वतः काढणाऱ्यांनी आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे मुखपृष्ठ अंतिम होण्याआधी अर्ज करावा. त्याला शुल्क नाही. प्रसिद्धीनंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि कायद्याने ठरवलेली मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील तीन सार्वजनिक ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते.

उसने आणलेले मूळ फोटो प्रकाशनाच्या गडबडीच्या आधी, हाताने नेऊन परत करावेत. प्रत्येक फोटो नव्या पाकिटात घालावा, पाकिटावर क्रमांक आणि तक्त्यातली नावे लिहावीत, सोबत एक मोठी छापील प्रत द्यावी आणि तक्त्याच्या 'मूळ फोटो कोणाकडे' या रकान्यात परत केल्याची तारीख भरावी.